बारीक, जाडसर

ऐरोलीत, मढवींच्या गिरणीत,
डब्यांच्या रांगेवरची फळी
आधी वजनांची होती.
काटा डिजिटल झाला, वजनं गेली,
फळी मोकळी राहिली.
पहिलं पुस्तक कुणाचं, कुणालाच माहीत नाही.
पद्माकर मढवी म्हणतात, कुणीतरी विसरलं,
मी झटकून उभं केलं,
दोन दिवसांनी शेजारी दुसरं आलं.
एकट्याला करमत नसेल.

वही नाही, वर्गणी नाही.
डब्यावर लावायची चिठ्ठी,
नाव, किलो, बारीक की जाडसर,
तिच्यावरच दोन ओळी जास्तीच्या लिहायच्या
आणि दळण झालं की पुस्तकात सरकवायची.

"मुकादम. गहू पाच, बारीक.
परग्रहावरची गोष्ट आहे,
पण टँकरची भांडणं आपल्या सेक्टरातली."

"डोंगरदिवे. ज्वारी तीन, भाकरीची.
रात्री एकट्याने वाचू नये.
मी वाचलं. काही झालं नाही."

एकावर नाव नाही, नुसतं "तांदूळ".
अक्षर दहावीचं:
"यात हिरो नापास होतो
आणि घरी कोणी काही बोलत नाही."
खाली बॉलपेनने, दुसऱ्या हातात:
"वाचलं. पोळ्या गार झाल्या आहेत, ये."

डोंगरदिवे बाई एकतीस वर्षं वॉर्डात होत्या.
भुतांखेरीज दुसरं काही नेत नाहीत.
एकदा पट्टा घसरला, गिरणी थांबली,
तेवढ्या शांततेत म्हणाल्या,
पुस्तकातले निदान परत तरी येतात.
मढवींनी पट्टा बसवला.
कुणीच काही बोललं नाही,
आणि मग बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

मी मात्र नुसती नेणारी.
सहा वर्षं नेली, वाचली, ठेवली,
चिठ्ठीवर कधी धान्यापलीकडे गेले नाही.
सुचवायचं म्हणजे काय,
आपण कुठे रडलो
ते पत्त्यासकट सांगायचं.

झिंजाड हवालदार बाजरी घेऊन आले त्या दिवशी.
मढवींनी पुढे केलेली रहस्यकथा
त्यांनी हातही न लावता परत ढकलली.
"यांना दोनशे पानांत सापडतो हो.
असं द्या काही,
ज्यात कुणी कुणाला शोधत नाही."

माझ्या पिशवीत, नाचणीच्या खाली,
कवितांचं एक बारकं पुस्तक होतं.
कोपरे दुमडलेलं, फळीसाठी आणलेलं नव्हे.
का काढलं, सांगता येत नाही.
चिठ्ठीवर लिहिलं,
"सोनटक्के. नाचणी दोन, जाडसर."
पुढे पेन चाललं नाही.

मग भाजणीचे दिवस आले.
गिरणीत धण्याचा वास, बायकांची गर्दी,
फळीवरची पुस्तकं वरच्या कोनाड्यात.
दर खेपेला मी मान वर करून बघायची
आणि मढवी न विचारताच सांगायचे, नाही आलं.
एकदा म्हणाले, बाजरीचं पीठ टिकत नाही बाई,
पण पुस्तकाला घाई कसली?
मला वाटत होतं, हसला असेल.
वाटत होतं, त्याने पान सोळा वाचलं असेल.
पान सोळा वाचायला नको होतं.

काल सापडलं.
खाकी कागदाचं कव्हर घातलेलं,
दुमडलेले कोपरे एकेक सरळ केलेले,
फक्त सोळाचा तसाच ठेवलेला.
आत चिठ्ठी:

"झिंजाड. बाजरी दीड.
कळलं नाही.
दिघ्याला उतरायचं होतं, कळव्यात उतरलो.
चालत आलो. रस्त्यात परत वाचलं.
तरी नाही कळलं.
असंच अजून असेल तर ठेवा."

मढवींनी माझा डबा पुढे सरकवला,
पत्रा हाताला चटका देणारा.
गरम पिठावर झाकण लावत नाहीत,
वाफ धरते.
मी पदर आडवा धरून
उघडा डबा घेऊन घरी आले,
आणि पीठ निवेपर्यंत
कपाटासमोर उभी राहिले.